जुनं व्यसन, पोलीस रेकॉर्ड आणि मेडिकलची सीट: द्यावी का?

खोडरबर: समजा एक मुलगा विशीत ड्रग्जच्या नादी लागला, जवळ माल सापडला म्हणून शिक्षा झाली, आता सहा वर्षं एकदम क्लीन, मार्क झकास, आणि अमेरिकेत मेडिकलला अर्ज करतोय. माझं मत, द्या सीट. व्यसन हा आजार आहे असं वर्गात शिकवायचं नि दारातून त्याच आजारावरून हाकलायचं, हे काही पटत नाही बुवा. आधुनिक सर्जरी उभी करणारा जॉन्स हॉपकिन्सचा हॉल्स्टेड, आधी कोकेन मग मॉर्फीन, तरी ऑपरेशनला रबरी ग्लोव्ह्ज त्यानेच रूढ केले.

तिरपागडा: हॉल्स्टेडला मध्ये आणू नका, त्याच्या काळी युरिन टेस्ट नव्हती आणि मॉर्फीनचं त्याने शेवटपर्यंत लपवलं. पेशंटच्या बाजूने बघा की जरा. रात्रभर जागलेला रेसिडेंट, हातात फेंटॅनिलची, म्हणजे अफूच्या जातीच्या जबरदस्त वेदनाशामकाची, अर्धी उरलेली अँप्यूल, उरलेलं फेकताना साक्षीदाराची सही लागते, पण ती सही गडबडीत न बघता कशी ठोकली जाते ते वॉर्डातल्या कुणालाही विचारा. भूलतज्ज्ञांमध्ये व्यसनाच्या केसेस जास्त दिसतात ते उगाच नाही. सीटा मोजक्या, लायक पोरं ढीगभर, मग ही रिस्क नेमकी पेशंटनेच का घ्यायची?

आकडेमोड: २००८ साली बीएमजे या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अमेरिकेतल्या ९०४ व्यसनी डॉक्टरांचा अभ्यास आला होता. ट्रीटमेंट, मग वर्षानुवर्षं अचानक युरिन टेस्ट. ज्यांचं पुढे काय झालं ते कळलं त्यातले साधारण ७८ टक्के पाच वर्षांनी लायसन्ससकट काम करत होते. म्हणजे सुटतं, देखरेख असेल तर.

तिरपागडा: अहो पण ते आधीच डॉक्टर होते, लायसन्स जाईल ही भीती डोक्यावर होती. अर्ज करणाऱ्याकडे गमवायला काय आहे?

खोडरबर: मग त्यालाही तीच अट घाला ना, पहिल्या वर्षापासून टेस्ट. नाही म्हणाला तर आपोआप कळलंच.

साधीसुधी: तुम्ही दोघं व्यसन आणि गुन्हा एकाच पोत्यात भरताय. स्वतःपुरती पुडी बाळगणं वेगळं आणि डॉक्टरची खोटी सही करून गोळ्या उचलणं वेगळं, खोटी सही करणाऱ्याला मी तरी सीट देणार नाही, कितीही वर्षं क्लीन असू दे. आणि लपवायचा सल्ला कुणीही देऊ नका प्लीज, तिथल्या मेडिकल कॉलेजांच्या सामायिक अर्जसेवेच्या, म्हणजे अ‍ॅमकासच्या अर्जात शिक्षेबद्दल सरळ प्रश्न असतो, बहुतेक कॉलेजं सीट पक्की करण्याआधी बॅकग्राउंड चेक करतात, तिथे खोटं सापडलं की मूळ गुन्हा राहतो बाजूला. कोर्टाने रेकॉर्ड पुसून टाकलं असेल तर अर्जात सांगावं लागत नाही, पण पुढे काही राज्यांची लायसन्स बोर्डं तेही विचारतात. शिवाय पेशंटला नार्कोटिक्स लिहून द्यायला डीईएचं (तिथल्या केंद्र सरकारच्या ड्रग्ज नियंत्रण खात्याचं) रजिस्ट्रेशन लागतं, त्या फॉर्मवर ड्रग्जच्या शिक्षेचा प्रश्न वेगळा. म्हणून कर्ज काढायच्या आधी लायसन्सचे वकील गाठा, कॉलेजचा समुपदेशक नव्हे.

तिरपागडा: हे मान्य. पण मग कॉलेजनेच सीट देताना लेखी सांगावं की बाबा, डिग्री मिळेल, लायसन्सची गॅरंटी नाही.

खोडरबर: सांगा की. मी कुठे नको म्हणतोय? फक्त अर्ज उघडून तरी वाचा, रेकॉर्ड दिसलं की थेट कचऱ्यात नको.