25 जूनच्या दिनविशेषात 1983 सोडून काय लिहावं?

खडूवाला:
क्लबच्या फळ्यावर 25 जूनचा दिनविशेष लिहायचाय. 1983 चा विश्वचषक सगळ्यांना पाठ आहे. आणखी काय घेता येईल? जागा पाच-सहा ओळींची. एका फॉरवर्डमध्ये ‘1932 साली याच दिवशी भारत पहिली कसोटी हरला’ असं आलंय, ते चालेल ना?

लेगबाय:
नाही चालणार. 25 जून 1932 ला, शनिवारी, लॉर्ड्सवर ती कसोटी सुरू झाली. रविवारी सुट्टी होती आणि 158 धावांनी हार झाली ती 28 ला. कसोटीची तारीख लिहिताना ‘सुरू’ की ‘निकाल’ हे लिहायचंच, फॉरवर्डवाले नेमके तिथेच घसरतात. कर्णधाराचाही घोळ होतो. दौऱ्याचे कर्णधार पोरबंदरचे महाराज, पण कसोटीत नेतृत्व केलं ते नागपुरात जन्मलेल्या सी. के. नायडूंनी.

फळ्यावर हरल्याचं कशाला, पहिली सकाळ लिहा. इंग्लंडच्या सटक्लिफ आणि होम्स या सलामीच्या जोडीने त्याच महिन्यात यॉर्कशायर काउंटीसाठी 555 धावांची सलामी दिली होती. मोहम्मद निसारने दोघांचेही त्रिफळे उडवले, वूली धावबाद झाला आणि इंग्लंड 3 बाद 19! निसारचे त्या डावात 93 धावांत 5 बळी.

ऑफसाइड:
फुटबॉलही घ्या की. 25 जून 1978, ब्यूनस आयर्स: अर्जेंटिनाने जादा वेळेत नेदरलँड्सला 3-1 हरवून पहिला विश्वचषक घेतला, केम्पेसचे दोन गोल. 1988 ला म्युनिकमध्ये नेदरलँड्सने युरो, म्हणजे युरोपचा फुटबॉल चषक, जिंकला, सोव्हिएत संघावर 2-0.

माझं मत 1982 ला. स्पेनमधल्या विश्वचषकात, हिहोन शहरात, गटातल्या शेवटच्या सामन्यात पश्चिम जर्मनीने दहाव्या मिनिटाला ऑस्ट्रियावर गोल केला आणि मग दोघांनी नुसता चेंडू इकडून तिकडे फिरवला. 1-0 मध्ये दोघंही पुढे जात होते. त्याच गटातल्या अल्जीरियाचा शेवटचा सामना आदल्या दिवशीच संपलेला, त्यामुळे ते बाहेर. गटातले शेवटचे सामने एकाच वेळी खेळवण्याचा नियम त्यातून आला.

खडूवाला:
1978 ची तारीख एकाने 26 सांगितली.

ऑफसाइड:
तिथे दुपारी 3 ला सुरू, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. निकाल लागेपर्यंत इथे 26 उजाडली होती. तारीख मैदानावरची धरा.

खडूवाला:
बरं. 1983 ची ओळ अशी केलीय: ‘भारत 183, विंडीज 140, 43 धावांनी विजय. अमरनाथ 26 धावा, 12 धावांत 3 बळी.’

लेगबाय:
छान. संधूलाही घ्या. शेवटच्या जोडीत किरमाणीबरोबर 22 धावा जोडल्या, मग विंडीजचा सलामीवीर ग्रीनिजने सोडून दिलेला त्याचा चेंडू आत वळून यष्ट्यांवर गेला. आणि सामना 60 षटकांचा होता हे लिहाच, नाहीतर ‘भारत 54.4 षटकांत सर्वबाद’ वाचून पोरं म्हणतील फळ्यावर चुकलंय.