'यंत्रमानव' म्हणू नका, मग म्हणू काय?

प्रश्न (यवतमाळ जिल्हा)

माझा मोठा भाऊ झाडावरून पडला तेव्हापासून मानेखाली काही हलत नाही. तोंडात काडी धरून मोबाईल चालवतो, गावातल्या लोकांचे पीक विम्याचे फॉर्म भरून देतो. परवा त्याला टोकियोतल्या एका कॅफेबद्दल वाचून दाखवत होतो. २०२१ पासून ते कायमचं सुरू आहे. तिथे 'ओरिहिमे' नावाचे रोबो गिऱ्हाइकांशी बोलतात, त्यांतला १२० सेंटिमीटर उंचीचा टेबलापर्यंत कॉफी नेऊन देतो. पण हे सगळे चालवतात घरी अंथरुणाला खिळलेली माणसं, काही जण तर नुसत्या डोळ्यांच्या हालचालीने. त्याचा पगारही त्यांनाच मिळतो. वाचताना मी 'यंत्रमानव' म्हटलं, तर भाऊ म्हणाला, "त्यातला मानव तं मी आहो नं बाबू. त्या डब्याले काहून मानव म्हणून राह्यला?"

त्याचं बरोबर आहे. मग मराठीत काय म्हणावं?

उत्तर (अमरावती)

मूळ शब्द कारेल चापेक यांच्या 'आर. यू. आर.' या १९२० च्या नाटकातला. तो सुचवला त्यांचे भाऊ योसेफ यांनी. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे जमीनदाराकडे सक्तीने करावं लागणारं काम. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, वेठ. त्या हिशेबाने रोबो म्हणजे वेठबिगार. ('राबणे'शी नातं जोडायचा मोह मलाही झाला होता. पण कानाला सारखं वाटणं हा व्युत्पत्तीचा पुरावा नाही.)

उत्तर (वर्धा जिल्हा)

त्या कॅफेच्या नावातच 'अवतार' शब्द आहे. आपलाच शब्द, जपानला जाऊन परत आला. पण मराठीत तो चालणार नाही. 'काय हा अवतार!' म्हटलं की विस्कटलेले केसच डोळ्यांपुढे येतात.

मला वाटतं, घोळ नामात नसून त्याच्यामागे येणाऱ्या शब्दात आहे. मला पोलिओ आहे. मी एका कंपनीसाठी घरून फोनवर ठराविक उत्तरं द्यायचे. ते काम आता यंत्र करतं. ते यंत्र माझ्या *जागी* आलं. टोकियोतला रोबो मात्र माणसाच्या *वतीने* कॉफी नेतो. एक माझी मजुरी घेऊन गेला, दुसरा मजुरी मिळवून देतो, आणि बातम्यांत दोघांना नाव एकच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत आमच्यासाठी किमान ४ टक्के जागा राखल्या, तिथेही शब्द 'जागा'च. म्हणून कुणी 'रोबो आला' म्हटलं की मी आधी विचारते, जागी की वतीने? दोन्हींना वेगळे शब्द हवेतच, नाहीतर दादांसारख्यांना मिळू शकणारं यंत्रही लोक भीतीपोटी नाकारतील.

उत्तर (अकोला जिल्हा)

जाता जाता 'सुगम्यता'बद्दल, म्हणजे दिव्यांगांना कुठेही सहज जाता-वापरता येण्यासाठीच्या सरकारी शब्दाबद्दल. सरकारी पाटीवर ठीक आहे, पण मूळ 'गम्', म्हणजे जाणं. आपल्याला साधा 'वावर' पुरे. पुण्याकडे वावर म्हणजे फिरणं-राहणं, आपल्याकडे वावर म्हणजे शेत. माणसाला दोन्हीकडे जाता आलं पाहिजे.

पुन्हा मूळ प्रश्नकर्ता

ताई, 'जागी' आणि 'वतीने' भावाला वाचून दाखवलं. त्याने दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाला, वतीने करणाऱ्याले आपल्याकडे नाव आहे की, हाताखालचा गडी. हात चालत नसले तरी हाताखाली गडी असू शकतो, आणि काम गड्याचं नाही, मालकाचंच म्हणतात.

मला 'यंत्रगडी' सुचतोय. वेठीचा वास त्यात नाही, कारण गड्याला निदान साल ठरवून मिळतं. पण 'गडी' पुरुषालाच म्हणतात, आणि ताई, तुमच्या हाताखाली आलेल्यालाही तेच म्हणायचं का? झाडीपट्टीत किंवा खानदेशात हाताखालच्या माणसाला दुसरा शब्द असेल तर सांगा.