मे महिन्याच्या उन्हात डास मरतात की नाही?

सावदेकर: जळगाव-भुसावळला पारा ४५च्या पुढे गेला की मी दरवर्षी म्हणतो, आता डासांची काळजी सोडा. माणूस भाजून निघतो तिथं एवढासा जीव काय टिकणार? मे महिन्यातली धूरफवारणी म्हणजे पैशाचा धूर. पटत नसेल तर खोडून काढा.

अमळनेरची ताई: खोडते. डास उन्हात बसतोच कुठं भाऊ? तो मोरीत, पलंगाखाली, कुलरच्या मागं. आणि तापणं त्याला नवं नाही. त्याचं अंग हवेइतकंच गरम, आपलं रक्त ३७ अंशांचं. प्रयोगशाळेत २२ अंशांवर ठेवलेली एडिसची, म्हणजे डेंग्यूच्या डासाची, मादी रक्त प्यायली की मिनिटाच्या आत ३२ अंशांवर जाते. अशा वेळी पेशीतल्या प्रथिनांची घडी विस्कटते, ती एकमेकांना चिकटायला लागतात. अंड्याचा पांढरा भाग शिजतो ना, त्याच वाटेवरचं. मग पेशी एचएसपी-७० नावाचं प्रथिन जास्त बनवते, ते घडी सांभाळतं. ते दाबून पाहिलं तेव्हा मादीला रक्त नीट पचेना, अंडीही घटली. तापलेल्या पेशींची ही धडपड पहिल्यांदा दिसली ती फळमाशीत, इटलीच्या रितोसांना, १९६२ साली.
मलेरियाची ॲनाफिलीस स्टिफेन्साय तर पिता पिता मागून थेंब सोडते. त्याची वाफ होते नि अंग निवतं. आपला माठच म्हणा!

पाटील आबा: आमचे आजोबा ढेकणांची बाज उन्हात टाकायचे. पटापट पडायचे ढेकूण. हे तुमचं प्रथिन तेव्हा कुठं गेलं होतं?

अमळनेरची ताई: आबा, नुसतं ऊन की वरून उकळतं पाणीही? पन्नाशीच्या आसपास ढेकूण मरतो खरा, पण लाकडाच्या सांध्यात ऊन पोचत नाही.

पाटील आबा: पाणी ओतायचे, हो. पण आधी ऊनच.

चोपड्याचा मास्तर: ताई, इथं मी सावदेकरांकडून. रक्तानं तापलेला डास काही मिनिटांत निवतो. आपली दुपार पाच-सहा तास चालते. मिनिटभराची तयारी तिथं पुरेलच असं कसं धरता? डेंग्यू पसरायला एडिसला साधारण २९ अंश सोयीचे, ३४-३५च्या पुढं पसरणं घटतं. डास जगतोच कमी दिवस.

सावदेकर: बघा! भलतं ऊन शे म्हणून तर मे महिन्यात डेंग्यू कमी.

अमळनेरची ताई: मास्तर, मुद्दा मान्य, उघड्या माळावर. पण रावेर-यावलच्या केळीत शिरून बघा, पाणी सोडलेल्या बागेत बाहेरचा पारा लागू होत नाही. आणि एडिसची अंडी? कोरडी पडूनही महिनोन् महिने टिकतात. पाणी लागलं की अळ्या.

सावदेकर: म्हणजे फवारणी हवीच?

अमळनेरची ताई: मी कुठं म्हटलं? धूर उडत्या डासाला लागतो, कुलरच्या टाकीला चिकटलेल्या अंड्यांना नाही. तुमची टाकी शेवटची कधी घासली?

सावदेकर: घासणी कुठंय, घरात विचारून सांगतो.