मॉली एकाच जागी हलत राहते आणि पिल्लंही उरत नाहीत

कर्वेनगर_टँक
दोन फुटी टँक आहे, त्यात काळ्या मॉली माशाच्या दोन माद्या, एक नर आणि पाच-सहा गप्पी. परवा सकाळी लाइट लावला तर स्पंज फिल्टरच्या मागे तीन इवलीशी काळी पिल्लं चिकटून बसलेली, इतका आनंद झाला, पण वाटी घेऊन येईपर्यंत एकच उरलं होतं. दुसरी मादीही भरलीये, दुकानदार म्हणाला ब्रीडिंग बॉक्समध्ये टाका, टाकली तर जाळीवर तोंड आपटत राहिली, मग मीच बाहेर काढली. आणि आता व्यालेली मादी पंख मिटून एकाच जागी उभी राहते आणि नुसतं अंग हलवते, पुढे सरकतच नाही. पाणी कॉर्पोरेशनचं, दर रविवारी निम्मं बदलते, क्लोरीनचं औषध घालूनच. खूप जीव लागलाय हो, काय करू?

सिंहगडरोडचा_मासेवाला
ताई, आधी रोगाचं कुठलंही औषध घालू नका. मॉलीला जड पाणी लागतं आणि आपलं खडकवासल्याचं पाणी मऊ, त्यात मॉली असं करते हे मी स्वतः दोनदा बघितलंय. जीएच (म्हणजे पाण्याचा जडपणा) आणि अमोनिया दोन्ही टेस्ट करा, अमोनिया निघाला तर आधी तो आवरा. हीटर आहे का? थंडीत पहाटे पाणी फार गार पडतं, २६ डिग्रीवर ठेवा. आणि एकदम निम्मं पाणी बदलू नका, पाव पुरे.

मुळामुठा७
मी मूठभर खडे मीठ टाकतो, मॉली ठणठणीत होते.

सिंहगडरोडचा_मासेवाला
दादा, मॉलीला मीठ चालतं हे खरं, पण मिठाने पाणी जड होत नाही, जडपणा कॅल्शियम-मॅग्नेशियमचा असतो, शिवाय झाडं कोमेजतात ती वेगळीच. त्यापेक्षा जाळीच्या पिशवीत कोरलचा चुरा भरून फिल्टरपाशी ठेवा, हळूहळू फरक पडतो.

पाषाणची_गप्पी
पिल्लांसाठी बॉक्स नकोच, मादी घाबरली की कधीकधी पिल्लं वेळेआधी टाकते. हॉर्नवर्ट किंवा गप्पी ग्रास या पाणवनस्पतींचा चांगला दाट झुपका वर तरंगत ठेवा, पिल्लं त्यातच लपतात. फ्लेक्स बोटांनी अगदी पीठ करून दिवसातून तीन-चारदा चिमूटभर द्या, अंड्याचा बलक देऊ नका, पाणी लगेच नासतं. आणि नर वेगळा केला तरी मादी एका मीलनावर पुढचे काही महिने विते, म्हणून जागेचा विचार आत्ताच करा. जास्त झाली तर दुकानात परत द्या, पण कृपा करून तलावात किंवा नदीत सोडू नका, तिथल्या मूळच्या माशांच्या जिवावर येतं.

कर्वेनगर_टँक
टेस्ट केली, अमोनिया शून्य, जीएच फक्त ३ आला! हीटर नव्हताच, आज आणला. सोसायटीत बोअरचं पाणी येतं, त्यात साबणाला फेसच येत नाही, ते थोडं मिसळलं तर चालेल का?

सिंहगडरोडचा_मासेवाला
फेस येत नाही म्हणजे जड आहे, चालेल. पण आधी बोअरचं पाणीही टेस्ट करा, नायट्रेटसुद्धा बघा. रोज एक तांब्याच घाला, एकदम नको.