उजनीत बोट धडकली, आत्याचा हात मोडला, चिठ्ठीवर "मालक जबाबदार नाही" छापलंय. मग जबाबदार कोण?

शेंगाचटणी (जुळे सोलापूर) :
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणारे, कंटाळा करू नका. मागच्या महिन्यात घरची सगळी उजनीच्या बॅकवॉटरला फ्लेमिंगो बघायला गेलो होतो, आत्याला लय हौस म्हणून खास. धक्क्यावर एका बोटवाल्याने माणशी भाव ठरवून आम्हाला बसवलं आणि मग "दोनच मिनिटं थांबा ओ" म्हणत अजून एक आख्खी फॅमिली आत कोंबली. लाइफ जॅकेट नव्हती असं नाही, होती, पण पुढच्या फळीखाली पोत्यात आणि पोत्याचं तोंड सुतळीने बांधलेलं. मी म्हणलो जॅकेट द्या की, तर म्हणतो "पाणी छातीएवढंच आहे, आणि जॅकेट घातल्यावर फोटो चांगला येत नाही". पुढं पक्ष्यांचा थवा उठला तसं त्याने फोटोसाठी म्हणून जोरात बोट वळवली आणि खालून काहीतरी जबरी ठोकर बसली. पाणी उतरलंय ना आता, धरणात बुडालेल्या जुन्या गावाची भिंत होती म्हणे ती. आत्या पुढच्या फळीवरून उडून लोखंडी अँगलवर पडली, मनगटाची दोन हाडं गेली, प्लेट टाकावी लागली, बिल लाखाच्या वर गेलंय आणि मेडिक्लेम नाही. बोटीत घोट्यापर्यंत पाणी आलं, दुसऱ्या बोटीने आम्हाला काढलं.

आता बोटवाला म्हणतो त्यांना पुढं बसायला कोणी सांगितलं होतं. औषधाला म्हणून दोन हजार द्यायला लागला, घेतले नाहीत. पैसे यूपीआयने दिलेत, आणि एक गुलाबी चिठ्ठी आहे तिच्यावर "प्रवाशांनी स्वतःच्या जबाबदारीवर बसावे, अपघात झाल्यास मालक जबाबदार नाही" असं छापलंय. चालवणारा पोरगा पगारी, मालक वेगळाच. तर ती चिठ्ठी खरंच चालते का? धरायचं कोणाला, पोराला का मालकाला? आणि आत्या इथंच रेल्वे लाईन्सला राहते, अपघात तिकडं झालाय, तर तक्रार कुठं करायची?

विजापूररोडवाला :
राग मानू नका पण स्पष्ट बोलतो. बोट भरलेली दिसत होती, जॅकेट देत नाही हे कळलं होतं, तरी बसलात ना? उतरायचं होतं. कोर्टकचेरीत दहा वर्षं जातील, वकिलाची फी बिलापेक्षा जास्त होईल. हातावर निभावलं म्हणा, कुगाववाल्यांचं काय झालं आठवतंय ना.

करमाळ्याचा_पोरगा :
@विजापूररोडवाला कुगावचं नाव काढलंच आहे तर नीट सांगतो, आमच्याच तालुक्यातलं आहे. २१ मे २०२४, संध्याकाळी कुगावहून कळाशीला जाणारी बोट वळवाच्या वाऱ्यात उलटली, ६ जण गेले, त्यात लहान लेकरं. एक पोलीस अधिकारी तेवढा पोहून बाहेर आला. अंगात जॅकेट कोणाच्याच नव्हतं. आणि ती काय सहलीची बोट नव्हती, रस्त्याने इंदापूर बाजूला जायचं म्हणजे लांबचा वळसा पडतो म्हणून आमच्याकडची माणसं आयुष्यभर तशीच जातात येतात. त्यामुळे "उतरायचं होतं" हे सोलापुरात बसून बोलणं सोपंय.

उजनीचं पाणी ज्याला माहिती नाही त्याला ते तळ्यासारखं वाटतं. एप्रिल मे मध्ये दुपार कलली की वारं कधी फिरेल सांगता येत नाही, पात्र रुंद आहे, आडोसा नाही, लाटा अशा उठतात की सपाट बुडाची बोट आडवी सापडली तर गेलीच. दुसरं म्हणजे धरण मायनसकडं, म्हणजे वापरायचं पाणी संपून तळाच्या साठ्याकडं, जायला लागलं की जुन्या भिंती, विहिरींचे कठडे, बाभळीचे बुडखे हातभर पाण्याखाली येतात. इथला प्रत्येक नावाडी ते जाणतो, कुठं काय आहे हे त्याला झोपेत विचारा. म्हणून "खाली भिंत होती, मला काय माहीत" हे मी तरी ऐकून घेणार नाही. माहिती होतं म्हणूनच उन्हाळ्यात तिथून हळू न्यायची असते.

अ‍ॅड_बाळीवेस :
वकिली करतो, ग्राहक आयोगात नेहमी जातो, कागद बघितल्याशिवाय पक्कं मत देत नाही पण एवढं सांगू शकतो.

पहिली ती चिठ्ठी. तिला घाबरू नका. पैसे घेऊन सेवा दिली की काळजी घेणं ही सेवा देणाऱ्याची जबाबदारी, ती त्याने स्वतःच छापलेल्या एका ओळीने उडत नाही. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टात दिल्लीतल्या एका मोठ्या हॉटेलची केस होती, हॉटेलच्या ताब्यात दिलेली गाडी चोरीला गेली आणि पार्किंगच्या टोकनवर "मालकाच्या जोखमीवर" छापलेलं होतं. कोर्टाने सांगितलं की हॉटेलच्या बाजूने हलगर्जी झाली असेल तर त्या छापील ओळीमागे लपता येणार नाही. तिथं गाडी होती, इथं जितं माणूस आहे. उलट ती चिठ्ठी तुमच्या फायद्याची आहे, त्याने पैसे घेऊन तुम्हाला बसवलं हे तीच सांगते, जपून ठेवा आणि लॅमिनेट वगैरे करू नका.

दुसरं, कोणाला धरायचं. दोघांनाही. पोरगा पगारी असला तरी कामावर असताना केलेल्या चुकीला मालक जबाबदार असतो, दिवाणी आणि ग्राहक बाजूला तर खरा माणूस मालकच. फौजदारी बाजूला हयगयीने चालवणारा पोरगा येतो, आणि जॅकेट पोत्यात बांधून जादा माणसं भरायची पद्धत मालकाची असेल तर तोही येतो. भारतीय न्याय संहितेत कलम २८२ हयगयीने बोट चालवण्याचं आहे आणि २८४ भाडं घेऊन असुरक्षित किंवा जादा भरलेल्या बोटीतून माणसं नेण्याचं. दोन्हीला सहा महिन्यांपर्यंत शिक्षा, दंड एकाला १० हजार नि दुसऱ्याला ५ हजारांपर्यंत, आकडा वाचून हसू येईल. पण हाड मोडलं की कायद्याच्या भाषेत ती गंभीर दुखापत, मग १२५ (ब) लागतं, तिथं तीन वर्षांपर्यंत. माणूस गेला तर १०६. केरळात तानूरला ७ मे २०२३ ला मासेमारीची बोट रंगरंगोटी करून पर्यटकांना फिरवताना उलटली, २२ जण गेले, तिथं मालकावर थेट खुनाचं कलम लावलं होतं. म्हणजे पोलीस मनावर घेतात तेव्हा मालक सुटत नाही.

बरेच जण म्हणतील मोटार अपघात ट्रिब्युनलला जा. तिथं बोट बसत नाही, ते रस्त्यावरच्या वाहनांचं आहे. तुमचं काम ग्राहक आयोगात. आत्या तक्रारदार, त्या सोलापूरच्या रहिवासी, त्यामुळे सोलापूर जिल्हा आयोगातच दाखल करता येईल, तिकडं हेलपाटे नकोत. अपघातापासून दोन वर्षांची मुदत, आणि तुम्ही दिलेलं भाडं किरकोळ असल्यामुळे आयोगाची फी लागणार नाही. ई-जागृती या ग्राहक आयोगाच्या पोर्टलवर ऑनलाइनही होतं. आणि @विजापूररोडवाला वकिलाच्या फीचं म्हणाल तर महिलेला उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, आपल्या कोर्टाच्या आवारातच ऑफिस आहे, आमच्या पोटावर पाय आला तरी सांगतो.

विजापूररोडवाला :
बरं वकीलसाहेब, तरी माझा मुद्दा राहतोच. जॅकेट नसताना बसले ही चूक धरणार नाही का?

अ‍ॅड_बाळीवेस :
समोरचा वकील मांडणार, शंभर टक्के. पण त्यांनी जॅकेट मागितलं होतं आणि नकार मिळाला, बाकीचं कुटुंब साक्षीला आहे. शिवाय इथं इजा बुडून झालेली नाही, ठोकरीने आदळून झालीय, जॅकेट असतं तरी मनगट अँगलवर आदळलंच असतं. म्हणजे जॅकेटचा मुद्दा बेफिकिरी दाखवायला उपयोगी, पण खरा घाव वेग, वळण आणि भिंत माहिती असूनही तिथून नेणं यावर घाला. तक्रारीत सगळा जोर जॅकेटवर देऊ नका, तिथंच गफलत होते. प्रवाशाची थोडी चूक धरलीच तर रक्कम थोडी कमी होते, केस पडत नाही.

शेंगाचटणी :
खूप आभार साहेब. पोलिसांचं सांगायचं राहिलं, भावाने इथल्या चौकीत विचारलं तर "आमची हद्द नाही" म्हणाले. आणि हॉस्पिटलमध्ये आम्ही गडबडीत नुसतं पडून लागलं असं सांगितलंय, त्याने अडचण होईल का?

अ‍ॅड_बाळीवेस :
हद्द नसली तरी झिरो एफआयआर घ्यावीच लागते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या) कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे, ते नंतर योग्य ठाण्याला पाठवतात. नाहीच घेतली तर लेखी अर्ज रजिस्टर पोस्टाने एसपींना. हॉस्पिटलच्या कागदात "बोटीत पडून" असं नसेल तर डॉक्टरांना भेटून खरी हकीगत लेखी द्या आणि केसपेपरमध्ये तशी नोंद घ्यायला सांगा, जुना कागद खाडाखोड करून आणू नका हं.

तळ्यातला_मासा :
वकिलीचं मला कळत नाही पण पोहणं शिकवतो, जॅकेटवर दोन शब्द. नुसतं "जॅकेट होतं का" असं विचारून भागत नाही. मी कुठंही बोटीत बसायच्या आधी जॅकेट हातात घेऊन दाबून बघतो, आतला फोम कुरकुरला किंवा चुरा झाल्यासारखा लागला तर ते गेलेलं. बकल लावून दोन्ही खांद्यांना धरून वर ओढायचं, हनुवटीच्या वर सरकलं तर पाण्यात ते तोंडावर येणार नि माणूस खालून निसटणार. लहान पोरांना मोठ्यांचं जॅकेट घालतात ना, त्यात हेच होतं, पोराला दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलं त्याच्या वजनाचंच पाहिजे. वडोदऱ्याला हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ ला शाळेच्या सहलीची बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या, तिथंही बोट जादा भरलेली आणि सगळ्यांना जॅकेट नव्हतीच. तलाव होता तो, समुद्र नव्हे. "छातीएवढंच पाणी" म्हणणाऱ्याला सांगा, गाळात पाय रुतला की छातीएवढं पाणी पुरतं.

करमाळ्याचा_पोरगा :
अजून एक बोलतो मग गप्प बसतो. हे बोटवाले कोण आहेत बघा जरा. बरेच जण धरणात जमीन गेलेल्या घरातले, आधी मासेमारी, आता मासा कमी म्हणून फ्लेमिंगोचे चार महिने हाच धंदा. त्यांच्यावर केस करा, करायलाच पाहिजे, पण उद्या आयोगाने दोन लाख द्या म्हणलं तर तो देणार कुठून? बोट विकून चाळीस हजार यायचे नाहीत. म्हणून माझं म्हणणं इन्शुरन्सचं विचारा. बोटीला विमा लागतो का नाही ओ वकीलसाहेब?

अ‍ॅड_बाळीवेस :
लागतो. इनलँड व्हेसल्स अ‍ॅक्ट २०२१, इंजिनवर चालणाऱ्या बोटीला नोंदणी, सर्व्हे म्हणजे बोट पाण्यात घालायच्या लायकीची आहे का याची तपासणी, चालवणाऱ्याकडे प्रमाणपत्र आणि विमा, हे सगळं बंधनकारक. वल्ह्याच्या होड्यांचं त्याच कायद्यात वेगळं आहे. तुमचा मुद्दा खरा आहे, विमा असता तर पोरगा, मालक आणि आत्या तिघंही सुटले असते. नोटीस पाठवताना ही चारही कागदपत्रं मागायची. देऊ शकला नाही तर ते आयोगापुढे आपोआप बोलतं. आणि असल्या बोटी बिनकागदाच्या चालताना ज्यांनी बघायचं त्यांनी डोळेझाक केली असेल तर त्यांनाही पक्षकार करता येतं, पण तो निर्णय कागद हातात आल्यावर घ्या, उगाच सगळ्या सरकारी खात्यांना ओढलं की तारखाच वाढतात.

शेंगाचटणी, एक विचारतो, नोंदणी झालेल्या बोटीवर नंबर ठळक दिसायला पाहिजे. तुमच्या फोटोत आहे का बघा.

शेंगाचटणी :
आत्ताच सगळे फोटो झूम करून बघितले. नंबर कुठंच नाही, बाजूला फक्त "आई तुळजाभवानी प्रसन्न" आणि मागं एका कोल्ड्रिंकची जाहिरात. पण एका व्हिडिओत जॅकेटचं पोतं सुतळीसकट दिसतंय आणि मागून माझा आवाज येतोय, जॅकेट द्या की म्हणून. यूपीआयवर नाव मालकाच्या बायकोचं आहे बहुतेक.

अ‍ॅड_बाळीवेस :
मग अर्धं काम झालं की ओ. तो व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेला नको, मोबाईलमधली मूळ फाईलच ठेवा, मोबाईल बदलू नका आणि फॉरमॅट तर अजिबात मारू नका. यूपीआयची पावती, चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांची बिलं घेऊन सोमवारी प्राधिकरणाच्या ऑफिसला जा, आत्यांना सोबत न्या, अर्जावर सही त्यांची लागेल. उजवा हात प्लास्टरमध्ये असेल तर अंगठा चालतो.

शेंगाचटणी :
डावा मोडलाय साहेब, सही करेल ती. सोमवारी जातो.