मदत हवी आहे: लॅब्रॅडॉरचं पिल्लू ऑनलाइन घ्यायचंय, ब्रीडर खरा की खोटा कसं ओळखायचं? (भुसावळ)

तापीकाठची:
नमस्कार मंडळी. सविस्तर लिहिते, कारण एका ब्रीडरला शनिवारपर्यंत उत्तर द्यायचंय आणि घरात दोन मतं पडली आहेत.

माझे वडील, नाना, रेल्वेतून निवृत्त झाले. क्वार्टरमध्ये असताना त्यांनी लॅब्रॅडॉर पाळला होता. आता पुन्हा तसाच हवाय, आणि पिल्लाचं सगळं ते स्वतः करणार आहेत. ओळखीत कुणाकडे पिल्लं नाहीत, म्हणून इन्स्टाग्रामवर शोधलं. दोघांशी बोलणं झालंय.

पहिला पुण्याचा. पेजवर भरपूर फॉलोअर, प्रत्येक फोटोखाली "हेवी बोन, शो क्वालिटी, चॅम्पियन लाइन". पिल्लू ३५ दिवसांचं, "दोन्ही डोस झालेत", विथ पेपर १२ हजार. ५ हजार टोकन लगेच पाठवा, नाहीतर नागपूरची पार्टी तयार आहे म्हणतो. पिल्लू रात्रीच्या ट्रॅव्हल्सला बसवून देणार, आपण सकाळी स्टॉपवरून घ्यायचं. आई दाखवा म्हटलं तर "आई फार्मवर आहे, पिल्लं इथे आहेत". केसीआयच्या (केनेल क्लब ऑफ इंडिया) सर्टिफिकेटचा फोटो पाठवला, पण त्यावरचा चिपचा (ओळखीसाठी पिल्लाच्या कातडीखाली बसवतात ती) नंबर अंगठ्याखाली झाकलेला आहे.

दुसरा नाशिकचा. त्याच्याकडे आत्ता पिल्लूच नाही. मादी व्यायला अजून वेळ आहे, त्यानंतर दोन महिने थांबा म्हणतो. पैसे मागितले नाहीत, उलट मलाच विचारत बसला: घर कितव्या मजल्यावर, दिवसा घरी कोण असतं, वडिलांचं वय काय, मे महिन्यात कुलर असतो का, आधीचा कुत्रा कशाने गेला. भाऊ म्हणतो, विकणारा एवढ्या चौकशा कशाला करेल, याचं काहीतरी वेगळंच दिसतंय. नाना एवढंच म्हणतात, "पहिले देख, मंग पैसा दे."

केसीआयचा कागद असला म्हणजे ब्रीडर चांगला, असं धरायचं का? आणि त्या चौकशांचं काय समजायचं?

शहादेकर:
ताई, टोकन पाठवू नका. माझ्या मावसभावाचं असंच झालं. आधी टोकन, मग "क्रेटचे पैसे भरा, परत मिळतील", मग पिल्लाचा विमा, मग ट्रान्सपोर्टचं काहीतरी सर्टिफिकेट. पिल्लू कधी आलंच नाही. विकणारा स्वतःला फौजी सांगत होता, बदली झाली म्हणून स्वस्तात देतोय म्हणे. वर्दीतला फोटो आणि ओळखपत्रही पाठवलं होतं, तेही दुसऱ्याच कुणाचं.

कुणाचे पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. जेवढा लवकर कराल तेवढी पुढच्या खात्यात पैसे अडकवता येण्याची आशा जास्त. आणि कुणी "रिफंड देतो, क्यूआर स्कॅन करा" म्हटलं तर करू नका. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही.

केळीबाग_रावेर:
फोटो गुगल लेन्समध्ये टाकून बघा. तेच पिल्लू तीन-चार पेजवर वेगवेगळ्या गावचं म्हणून दिसलं तर विषय संपला. व्हिडिओ कॉलवर आई आणि पिल्लं एका चौकटीत मागा. अर्थात दलाल दुसऱ्याच्या घरी जाऊनही कॉल लावतो, म्हणून त्यावरही सगळं सोडू नका.

आमच्याकडे गावठी पिल्लं कायम असतात, उन्हालाही काटक. विचार झाला तर सांगा.

जनावरांचा_डॉक्टर_धुळे:
ताई, तुमच्या पोस्टमध्येच बरंच उत्तर आहे.

आधी ते ३५ दिवस बघा. पिल्लांचं मुख्य लसीकरण सहा ते आठ आठवड्यांना सुरू होतं आणि पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. ३५ दिवसांच्या पिल्लाला फार तर पपी डीपी (डिस्टेंपर आणि पार्वोची अगदी लहान पिल्लांची लस) दिलेली असेल. "दोन्ही डोस" या वयात बसतच नाहीत. म्हणजे एकतर वय खोटं किंवा डोस खोटे. लसीच्या कार्डाचा फोटो मागा. त्यावर बाटलीचं स्टिकर, बॅच नंबर, तारीख आणि डॉक्टरचा शिक्का हवा. शिक्क्यावरच्या डॉक्टरला सरळ फोन लावा, आम्हाला त्याचं काही वाटत नाही.

दुसरं, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. कुत्र्यांच्या प्रजनन आणि विक्रीसाठी २०१७ चे केंद्राचे नियम आहेत. ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, विकण्याआधी पिल्लाला चिप लागते. मादी अठरा महिन्यांच्या आत लावायची नाही, आठ वर्षांनंतर नाही, वर्षात एकच वेत आणि आयुष्यात पाचच. नोंदणीचा नंबर विचारा. खरा ब्रीडर लगेच देतो.

आठ आठवड्यांची अट उगाच नाही. पिल्लू चावायचं किती आणि सोडायचं कधी, हे आई आणि भावंडांत शिकतं. लवकर काढलेली पिल्लं पुढे घाबरट किंवा चावरी झालेली मी पाहतो. त्यात पार्वोची, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांच्या जीवघेण्या विषाणूची भीती. विषाणू अंगात शिरल्यापासून उलट्या-जुलाब दिसेपर्यंत बहुतेक तीन ते सात दिवस जातात. ट्रॅव्हल्समधून उतरताना पिल्लू खेळतं, शेपटी हलवतं, आणि चौथ्या दिवशी माझ्या टेबलावर सलाइनला असतं. तोवर विकणारा म्हणतो, आमच्याकडून तर ठणठणीत गेलं होतं. एवढंसं पिल्लू तसं जाताना बघणं सोपं नाही हो.

केसीआयबद्दल. तो वंशावळीचा कागद आहे, तब्येतीचा नाही. आईबाप कोण, ब्रीडर कोण, चिप नंबर कोणता, हे त्यावर असतं. लॅब्रॅडॉरमध्ये मागच्या पायांच्या खुब्याचा दोष पिढीजात येतो, त्यासाठी आईबापाच्या खुब्याचा एक्स-रे बघावा लागतो. तो कागदावर दिसत नाही. आणि कागदाचा फोटो कुणीही कुणाचाही पाठवू शकतो. चिपचा पंधरा अंकी नंबर रीडरवर (चिप वाचायचं यंत्र) वाचून कागदाशी जुळला, तरच तो कागद त्या पिल्लाचा. झाकलेल्या अंगठ्याचा अर्थ आता तुम्हीच लावा.

तापीकाठची:
डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. दिवसांचं हे गणित माझ्या लक्षातच आलं नसतं. नाशिकवाल्याच्या चौकशांबद्दल काय वाटतं? आणि त्याने सांगितलं की बाप त्याच्याकडे नाही, दुसऱ्या शहरातला आहे. हे खटकलं.

जनावरांचा_डॉक्टर_धुळे:
बाप नसणं खटकायचं कारण नाही. चांगले ब्रीडर आपल्या मादीसाठी बाहेरचा नर शोधतात, जवळच्या नात्यातला नको म्हणून. त्याचे कागद आणि एक्स-रे मात्र मागा. आई नसणं हा प्रश्न आहे. जिथे पिल्लं तिथे आई हवीच, आणि तीही त्यांना ओळखणारी, अंगावर पाजणारी. मादी खंगलेली, भेदरलेली, कोपऱ्यात बांधलेली दिसली तर पिल्लू कितीही गोड असो, परत फिरा. दहा जातींची पिल्लं एकाच जागी मिळत असतील तरीही.

चौकशा करणारा माणूस मला आवडला. पिल्लू कुठे जातंय याची त्याला काळजी आहे. नानांचं वय विचारलं ते बरोबरच केलं, वाढलेला लॅब तीस किलोच्या आसपास जातो आणि पट्टा ओढतो. "नाही जमलं तर पिल्लू परत घ्याल का?" एवढं त्याला विचारा. असे लोक बहुतेक हो म्हणतात, लेखीसुद्धा देतात.

चोपड्याची_ताई:
माझी लॅब अशाच चौकशा करणाऱ्याकडची आहे. आजही दर उन्हाळ्यात फोन करून विचारतात. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे सकाळी उजाडताना आणि रात्रीच फिरवायचं. दुपारी डांबरी रस्त्यावर पंजे भाजतात. नानांना एवढं नक्की सांगा.

तापीकाठची:
पुणेवाल्याला नोंदणीचा नंबर आणि चिपचा नंबर मागितला. "घ्यायचं असेल तर घ्या, टाइमपास नको" म्हणाला आणि ब्लॉक केलं. भावानेच तो मेसेज नानांना वाचून दाखवला.

रविवारी नाना आणि मी नाशिकला मादी बघायला जातोय. नानांनी एक्स-रे आणि परत घेण्याचं वहीत लिहून घेतलंय. एक शेवटचं: पिल्लू आणल्यावर चिप इथे कुठे वाचून मिळेल?

जनावरांचा_डॉक्टर_धुळे:
जळगाव-भुसावळला पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यात आधी फोन करून रीडर आहे का विचारा, सगळ्यांकडे नसतो. त्याहून बरं म्हणजे घेतानाच ब्रीडरला तुमच्यासमोर वाचून दाखवायला सांगा आणि तो नंबर पावतीवर लिहून घ्या. पिल्लू आणलं की दोन दिवसांच्या आत तपासून घ्या. तिथे जे खात होतं तेच पहिला आठवडा द्या. लसी पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावरच्या कुत्र्यांमध्ये आणि बागेत उतरवू नका, नाना कितीही म्हणाले तरी.

तापीकाठची:
नाना शेजारीच बसलेत. बागेचंच ठरवत होते. सांगितलंय त्यांना.