मदत हवी आहे: यिर्मयाची बदामाची फांदी

जय ख्रिस्त मंडळी, बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात १:११-१२ ला अडकलेय. देव विचारतो काय दिसतं, यिर्मया म्हणतो बदामाची फांदी, आणि लगेच देव म्हणतो मी माझं वचन पूर्ण करायला जागृत आहे, मराठीत वाचताना बदामाचा नि जागण्याचा संबंधच लागत नाही. मूळ हिब्रूत बघितलं तर बदाम म्हणजे शाकेद आणि जागा राहणारा म्हणजे शोकेद, अक्षरं तीच तीन, शीन कोफ दालेत, फक्त स्वर वेगळे, अंगावर काटाच आला! आता बदामाला हे नाव तो बाकी झाडांच्या आधी फुलतो, जागा होतो म्हणून पडलं, का हा नुसता उच्चाराचा खेळ? रविवारी संडे स्कूलच्या मुलांना सांगायचंय, हिब्रू येणाऱ्या कुणीतरी प्लीज समजवा.